काडीचं लिव्हर

"श्वास रोखा, बाबा," लेक म्हणाली आणि तिनं वायरमन बापाच्या उघड्या पोटावर सोनोग्राफीची मूठ टेकवली.

हॉस्पिटलच्या सोनोग्राफी विभागात शिकायला येऊन तिला महिनाच झाला होता. हात बसायला सराव हवा, म्हणून बाबा आपणहून टेबलावर आडवे झाले होते. खांबावर चढण्यात उभा जन्म गेलेला. कामावर सगळे त्यांना 'काडी' म्हणत. लग्नातला पट्टा अजून त्याच भोकाला बसतो, हे ते चारचौघांत आवर्जून सांगत.

"आमच्या अंगात चरबी औषधालासुद्धा सापडायची नाही," ते म्हणाले.

लेक हसली नाही. मूठ बरगडीखाली सरकवून ती थांबली. पुन्हा तीच जागा बघितली.

मोठे डॉक्टर दारातून डोकावले. "एवढ्या बारीक माणसात काय शोधतेयस? पुढचा पेशंट घे."

"सर, लिव्हर पांढरं दिसतंय. किडनीशी ताडून बघा."

आवाज बारीक होता, पण हात जागचा हलला नाही. सरांनी चष्मा लावला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

आठवड्याभरात बाकीच्या तपासण्या झाल्या. लिव्हरवर चरबी होतीच, शिवाय ते कडक व्हायला लागलं होतं.

"बारीक माणसाला कोणी तपासत नाही, म्हणून उशिरा कळतं," सर म्हणाले. "असंच चालू राहिलं असतं, तर काही वर्षांनी लिव्हर कामातून जाऊ शकलं असतं. हृदयालाही धोका. पण आता कळलंय, हातात वेळ आहे. तीन किलो उतरवा."

"मी दारूला शिवत नाही, साहेब. आणि उतरवू काय, हाडं?"

"आतली चरबी," लेक म्हणाली. "रोजच्या तीन बाटल्या कोल्ड्रिंक बंद. रोज पाऊण तास चालायचं. बारीक म्हणून सूट नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बूट घालून दारात उभे होते. बायको म्हणाली, "लेकीनं सरळ केलं म्हणायचं." त्यांनी वाकून बुटाची नाडी आवळली.

वर्षानं पुन्हा तपासणी झाली. वजन तीन किलोंनी उतरलं होतं आणि कडकपणाचा आकडाही खाली आला होता. सरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"चालणं सोडू नका. दरवर्षी यायचं. आणि एक विचारू? तुमची केस विद्यार्थ्यांना दाखवायची आहे. काळजी नको, तुमचं नाव झाकू."

वायरमननं शर्टाची बटणं लावली. बाहेरच्या बाकावर लेक एका म्हातारीला तिची चिठ्ठी समजावत बसली होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले,

"माझं झाका, साहेब. पण ज्या पोरीनं हे पकडलं, तिचं नाव तेवढं उघडं राहू द्या."