पंपाच्या दुखण्यावर माझी बरकत

विश्वास कुणावर ठेवावा हो? एकाएकी भरभराटीला आलेल्यावर ठेवू नये, असं माझं मत. मी स्वतः एकदा आले होते, म्हणून सांगते.

मी थरथरीतून वीज काढणारी पट्टी बोलतेय. बोटाएवढी लांब, पातळ पत्र्यावर चिनी मातीसारखा पांढुरका थर. हलवलंत तर चिमूटभर वीज देईन, नाही हलवलंत तर बसून राहीन. उधारी नाही.

माझ्या बहिणी भट्टीतच तडकल्या. मी टिकले, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. मला घडवलं ते प्रयोगशाळेतल्या दोघी संशोधक बहिणींपैकी धाकटीनं. तिची थोरली बहीण त्याच इमारतीत अतिसूक्ष्म कण बोगद्यातून भन्नाट वेगानं पळवते, एकमेकांवर आपटते आणि आतून काय निघतं ते बघते. एवढी आदळआपट करायची, वर अट काय, तर आजूबाजूला काही हलता कामा नये!

कणांचा झोत सुरू असताना बोगद्यात माणसाला मज्जाव. मग तिथल्या तापमापकांचे सेल बदलणार कोण? सेलच नकोत, म्हणून मी. चाचणीसाठी धाकटीनं मला शेजारच्या खोलीतल्या पंपावर चिकटवलं. बोगद्यातल्या चुंबकांना गार पाणी पुरवणारा पंप तो. मंगळवारी तपासनीस येणार होते. माझी वीज पाहून धाकटीचं काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे ठरणार होतं.

आदल्या आठवड्यात माझी वीज दुप्पट झाली. धाकटी हरखली. मीही जरा फुशारलेच. तेवढ्यात थोरली आली, तोंड एवढंसं करून.

"माझा झोत थरथरतोय गं. कशानं, ते कळेना."

"ताई, माझी पट्टी बघ तरी! दुप्पट वीज!"

"तुझं बरंय बाई. माझं काम लटपटतंय, तुझं नाचतंय."

धाकटीचं हसू तिथंच विरलं. तिनं पंपावर हात ठेवला. तो तापकऱ्यासारखा कापत होता.

"ताई, हाच तो. आतलं बेअरिंग गेलंय. आजच बंद करून घे."

"मंगळवारी तुझे पाहुणे आहेत ना? बुधवारी करू. तोवर मी काढते कळ."

"आणि मध्येच जाम झाला तर तुझे चुंबक तापतील. लहानपणी माझ्या वाटची बोलणी खायचीस, तेवढं पुरे."

पंप उघडला, बेअरिंग बदललं. झोत सुतासारखा सरळ झाला.

मंगळवारी तपासनीस माझ्यावर वाकले. मी जीव एकवटून बसले होते. पण पंपच मुळी शहाण्यासारखा चालत होता. काटा जेमतेम हलला.

"यंत्र सुरू आहे ना?" एकानं विचारलं.

"सुरू आहे. बरं झालंय, म्हणून हे असं," धाकटी म्हणाली. मग तिनं मागच्या आठवड्याचे आकडे पुढे ठेवले. "ही वाढ खरी आहे, पण पट्टीची करामत नाही. पंपाचं दुखणं आहे."

"सांगितलं नसतंत, तर आम्हाला कळलंही नसतं," त्यांच्यातले वयस्क गृहस्थ म्हणाले.

"हो ना," धाकटी म्हणाली.

काम गुंडाळलं गेलं. बोगद्यात जास्त टिकणारे सेल बसले. त्या दिवशी थोरलीनं धाकटीचा डबा स्वतः धुतला.

मी अजून पंपावरच आहे. डिंक चांगला होता, आणि सोलून काढायचा कंटाळा सगळ्यांनाच. एवढंच मागणं: माझी वीज पुन्हा कधी वाढलेली दिसली आणि ती माझ्या नावावर जमा धरलीत, तर त्याच ओळीत पंपाची झीजही लिहा.