नेव्यानाचा लॅपटॉप

माझी बायको नेव्याना गेल्यापासून तिचा लॅपटॉप चालूच होता. तो बंद पडला असता तर पुन्हा उघडताना पासवर्ड मागितला असता, आणि पासवर्ड फक्त तिला माहीत होता. वसंतात कोणीतरी बँकेचं नाव सांगून तिला फोनवर फसवायला बघितलं होतं. तेव्हा तिने तो बदलला. मला सांगितला नाही, मीही विचारला नाही.

मुलगा यावोर अंत्यविधीसाठी व्हॅलेन्सियाहून आला होता. तो म्हणाला, "बाबा, आईचे सगळे व्हिडिओ आत्ताच काढून घेतो." मी नको म्हणालो. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वस्तूंना चाळीस दिवस हात लावत नाहीत. तिचा कोट खुंटीवर होता, चष्मा खिडकीत होता, तसा लॅपटॉप टेबलावर राहिला. यावोरने पडद्यावर तिचा फोटो लावला, तो विझणार नाही अशी सोय केली आणि तो परत गेला. मी रोज संध्याकाळी त्या फोटोशेजारी चर्चमधली बारीक मेणबत्ती लावायचो.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी मेव्हणी आली, झ्लाटिना. कबरीपाशी वाटायला साखर-अक्रोड घालून गहू शिजवतात, ते करायला आली होती. तिचं नि माझं कधी पटलं नाही. नेव्याना मध्ये पडायची म्हणून निभावलं.

"दाजी," स्वयंपाकघरातून बाहेर येत ती म्हणाली, "हे लाल काय दिसतंय?"

पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. अकरा टक्के.

वायर तर लावलेली होती. सकाळी टेबल पुसताना मीच ती काढली होती आणि परत खोचली होती.

"काढून लावा."

काढली, लावली. काही फरक नाही. मी जन्मभर बस चालवली. गाडी सुरू होत नसेल तर आधी सोपं ते बघायचं. भिंतीतला प्लग गेला असेल म्हणून तिथे दिवा लावून बघितला. दिवा लागला. झ्लाटिना खालच्या मजल्यावर जाऊन शेजारीण पेन्काच्या मुलीचा चार्जर घेऊन आली. तो त्याच प्रकारचा होता, पण त्यानेही काही झालं नाही. नऊ टक्के.

यावोर चाळिसाव्यासाठी यायला निघाला होता, विमानतळावर होता. त्याला फोन लावला.

"बाबा, पडद्याचा उजेड कमी करा. वाय-फाय बंद करा. आणि झाकण लावू नका, काहीही झालं तरी."

"तेवढं कळतं मला."

"वायर शेवटपर्यंत आत जाते का?"

मी वाकून बघितलं. थोडी बाहेरच राहत होती.

"मग आत काहीतरी अडकलंय. वायर काढा आणि लाकडाची काडी घ्या. सुई नको, लोखंडाचं काहीच नको. बाबा, इथे आत बोलावतायत, मला—"

फोन तुटला.

"गाब्रोव्होला दुकानात नेऊ या," झ्लाटिना म्हणाली.

"पोचेपर्यंत विझेल तो."

तिने फोनचा टॉर्च लावून उजेड धरला. वायरीच्या भोकात काहीतरी पिवळं दिसत होतं.

"मेण आहे," मी म्हणालो.

मेणबत्ती हीटरच्या उबेने वाकायची. लॅपटॉपच्या कडेवर पडलेले थेंब मी रोज पुसत होतो. एखादा वायरीच्या कडेने आत उतरला असणार. वायर बसलेली होती तोवर चाललं. सकाळी मी ती काढली आणि परत खोचताना मेण आत ठासलं.

"बशीत वाळू घालून लावतात मेणबत्ती. लहान पोरालाही माहीत असतं."

"मग सांगायला यायचंस."

"आले होते. तुम्ही दार उघडलंत का?"

मी दात कोरायची काडी घेऊन बसलो. मेण मऊ होतं. काडीला थोडं थोडं लागत होतं, बाकीचं तिथल्या तिथे सरकत होतं. सात टक्के.

झ्लाटिनाने फोन पडद्यासमोर धरला. "तो बनित्साचा व्हिडिओ लावा. मी इकडून घेते. तुम्ही तुमचं चालू ठेवा."

"व्हिडिओ लावला तर बॅटरी लवकर संपेल."

"आणि मेण नाही निघालं तर? काय उरेल?"

त्या व्हिडिओत नेव्याना आमच्या नातीला, कालिनाला, बनित्सा म्हणजे चीज घातलेली पापुद्र्यांची पाई करायला शिकवते. आजारपणाच्या आधीचा आहे. तिचा आवाज असा सलग दुसरा कुठेच नव्हता. मी तो लावला आणि पुन्हा काडी हातात घेतली.

"पापुद्रे ओल्या फडक्याखाली ठेव," नेव्याना सांगत होती. "नाहीतर वाळतात. आता तेल लाव."

"फोन हलवू नकोस," मी म्हणालो.

"मी कुठे हलवतेय? तुम्हीच टेबल हलवताय."

"उजेड माझ्या बाजूला नाहीये."

"मला हात दोनच आहेत, दाजी. आणि अशी दाबू नका काडी, मोडेल."

"तू मला बसचं स्टिअरिंग धरायलासुद्धा शिकवलं असतंस."

"शिकवलं असतं तर बस दोनदा पुलाला घासली नसती."

पाच टक्के. पडद्यावर सूचना आली, चार्जर लावा म्हणून. नेव्यानाचे पिठाचे हात त्या सूचनेमागे झाकले गेले.

"हळू," नेव्याना म्हणाली. "मध्ये खुपसू नकोस. कडेने घे."

माझा हात थांबला. झ्लाटिनाही काही बोलली नाही. मी काडी वरच्या कडेने आत घातली आणि टोक जरासं वळवलं. मेणाचा चपटा तुकडा एकदम बाहेर आला. त्यावर वायरीच्या टोकाचा ठसा होता.

वायर खोचली. या वेळी ती पूर्ण आत गेली. तीन टक्के. चार्जिंगचा दिवा लागला नाही. मी वायर काढली, काडीने कडा पुन्हा एकदा साफ केल्या, भोकात फुंकर मारली आणि वायर उलटी करून खोचली.

कडेचा छोटा दिवा लागला.

आम्ही दोघं आकड्याकडे बघत राहिलो. तीनच होते. बराच वेळ तीनच. मग चार झाले.

झ्लाटिना खुर्चीत बसली. तिला वास आला तशी ती उठली. "गहू," असं म्हणून ती स्वयंपाकघराकडे पळाली. तळाशी लागले होते. ते टाकून तिने दुसरे चढवले.

यावोर संध्याकाळी पोचला. त्याने सगळं काढून घेतलं, दोन ठिकाणी ठेवलं. माझ्या फोनवरही बनित्साचा तो व्हिडिओ घालून दिला, चांगला, स्वच्छ.

मी तो फारसा लावत नाही. झ्लाटिनाने घेतलेला तिच्याकडून मागून घेतला, तो लावतो. चित्र वाकडं आहे, अंधारं आहे. नेव्याना पापुद्र्यांचं सांगत असते आणि तिच्या आवाजावर आमच्या दोघांची भांडाभांडी ऐकू येते, पुलाला घासलेल्या बसपर्यंत. मग नेव्याना "हळू" म्हणते आणि आम्ही दोघं गप्प होतो.

घरात नेहमी असंच व्हायचं.