देवीच्या फळीखालचं भोक

टप्. माठाच्या तोटीतून थेंब वाटीत पडला आणि गप्प घर दचकलं.

मित्रांनो, मी नावेत साचलेलं पाणी उपसणारा एक जुना पंप आहे. बॅटरीवर चालायचो. आता या घराच्या कोपऱ्यात पडून आहे.

हे घर लच्छू नावाड्याचं. त्याच्या शिडाच्या नावेत मला बसवलं ते बल्लारपूरच्या वारलू मेकॅनिकनं. माझी नळी धरून तो म्हणाला, "भाऊ, पाणी बाहेर टाकाचं भोक सगळ्यात वरच्या फळीले पाडू. खाली पाडलं अन् नाव वजनानं दबली, तं नदी याच नळीतून आत येईन."

"त्या फळीत देवी बसते," लच्छू म्हणाला. "दर वर्साले हळद लावतो मी. तिले ड्रिल मारतो काय?"

"विचारून तं पाय तिले!"

"ते तुयासारखी बडबडी नाई."

भोक खालच्या फळीला पडलं. नाव हलकी असायची, म्हणून निभलं. मी घुर्र करत पाणी फेकलं की लच्छूची चिमुकली रंजीता टाळ्या पिटायची. तिच्या त्या टाळ्यांसाठीच मी चालत होतो म्हणा ना!

मग वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची जत्रा आली. नारळाची पोती, लच्छू, त्याची बायको गोकुळा, रंजीता. नाव पार दबली. मधल्या पात्रात वादळानं झडप घातली. गारा दगडांसारख्या बरसल्या. शीड फाटलं, नाव कुशीवर कलली, भोक पाण्याखाली गेलं. बॅटरी भिजली, मी बंद पडलो, आणि वैनगंगा माझ्याच नळीतून उलटी आत ओकू लागली. रंजीताच्या कमरेपर्यंत पाणी चढलं.

तेवढ्यात शिडाचा बांबू गरकन फिरून लच्छूच्या कानशिलावर बसला. रक्त उडालं. तो नदीत पडला, पण नावेचा काठ त्यानं बोटांनी धरला.

"गोकुळे, हात दे!"

गोकुळानं हिसडा देऊन नळीचं माझ्याकडचं टोक उपटलं आणि ते दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं; दुसरं टोक भोकातच घट्ट होतं. आत येणारं पाणी थांबलं. नळी सोडली असती तर नाव बुडाली असती, आणि रंजीताला पोहता येत नव्हतं. काठावरची बोटं एकेक करून सुटली.

मित्रांनो, भरल्या नावेला पाणी कुठवर येतं ते आधी बघा. भोक त्याच्याही वर पाडा, नळीला उंच वळसा द्या. देवी रुसली तर तिची समजूत घालता येते. नदीची नाही घालता येत.

आज गोकुळा रंजीताची वेणी घालत होती. पोरीनं मान वळवून विचारलं,

"आये, तू नळी काऊन धरली? बाबाचा हात काऊन नाई धरला?"