बारापर्यंतचं मौन

ब्रुसेल्सच्या त्या कचेऱ्यांत गप्प बसणं म्हणजे होकार. मसुदा सत्तावीस देशांना ईमेलने पाठवायचा, एक वेळ द्यायची, आणि तोवर कुणी हरकत घेतली नाही तर सगळ्यांना मान्य असं धरायचं. स्लोव्हेनियाच्या वतीने शेतीच्या बैठकांना बसणाऱ्या येर्नेया कोबालला ही पद्धत एरवी बरी वाटायची. एक बैठक वाचते, लेकीला पाळणाघरातून वेळेत आणता येतं. पण या खेपेची मुदत होती आठ फेब्रुवारी, दुपारी बारा. आणि आठ फेब्रुवारीला तिच्या अख्ख्या देशाला सुट्टी.

गॅस बंद केलाय ना हे दोनदा बघणाऱ्या बाईसारखी ती प्रत्येक मसुदा पुन्हा वाचायची. सकाळी साडेनऊला तिसऱ्यांदा वाचताना तिला दिसलं की चौदावी तळटीप नाही. चौदावीच काय, एकही नाही. मजकूर स्वच्छ दिसावा म्हणून या सहामाहीत अध्यक्षपद असलेल्या देशाच्या लोकांनी सगळ्या टिपा उडवल्या होत्या.

चौदावी टीप तिने तीन बैठका भांडून मिळवली होती. दूध काढल्यावर दोन तासांत यंत्राने थंड करायचं, ही नव्या नियमाची अट. डोंगरावरच्या वीज नसलेल्या झोपड्यांत तिथल्या तिथे चीज करणाऱ्यांना ती लागू नाही, एवढंच त्या टिपेत होतं. तिची इवांका मावशी दर जूनला अकरा गाई घेऊन वर चढायची ती अशाच झोपडीत. धारेचं दूध थेट तांब्याच्या कढईत. टीप गेली, तर येत्या उन्हाळ्यात मावशीला चीजचा एक तुकडा विकता येणार नव्हता, आणि शेजारच्या कुरणावरच्या कुणालाच नाही.

हरकत घ्यायची तर राजधानीतून लेखी सूचना हवी. तिने संचालक स्ट्रनाद साहेबांना फोन लावला, तो बंद. मग आणखी पाच नंबर फिरवले. शेवटचा उचलला मंत्रालयाच्या रखवालदाराने. त्याने तिला सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि सोमवारी करा म्हणाला.

ऑस्ट्रियाचा गेरोल्फ दोन दारं सोडून बसायचा. डोंगर त्यांनाही आहेत, तो हरकत घेईल असं तिला वाटलं.

"आमच्या झोपड्यांना वीज आली गं," तो म्हणाला. "आणि तू एकदा तोंड उघडलंस ना, की प्रत्येक जण आपापलं गाठोडं घेऊन येणार. दोन वर्षं घासलंय आपण हे. माझ्यावर उपकार कर, आज गप्प बस."

अकरा वाजता अध्यक्षांच्या कचेरीतून एका बाईंचा फार गोड आवाजात फोन आला. गेरोल्फनेच कळवलं असणार. टिपेचं आम्ही तोंडी लक्षात ठेवू, असं त्या म्हणाल्या. तोंडी लक्षात ठेवलेलं इथे आजवर कुणाला आठवलंय, हे येर्नेयाच्या ओठांवर आलं होतं. तिने नुसतं 'बघते' म्हटलं आणि साहेबांचा नंबर पुन्हा लावला. बंद.

अकरा छप्पनला तिने तीन ओळी लिहिल्या. स्लोव्हेनिया मौन मोडत आहे, चौदावी टीप मजकुरात परत घालावी. आणि 'पाठव' दाबलं.

दोन मिनिटांत दुसरा ईमेल आला. एका देशाला कोंबड्यांविषयी म्हणायचं होतं. मग मधाविषयी. मग बटाट्यांविषयी. प्रत्येकाची सुरुवात सारखीच, जणू सकाळपासून लिहून तयार ठेवलेली: स्लोव्हेनियाने मजकूर खुला केलाच आहे, तर. अकरा एकोणसाठला आलेलं पत्र दुधाच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांबद्दल होतं. खाली सही गेरोल्फची.

ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याने मान वर केली नाही.

"आता उघडलंच आहेस तर," तो म्हणाला.

बारा वीसला साहेबांचा फोन आला. मागे वारा सुटला होता. ते सुट्टी म्हणून स्कीइंगला गेले होते.

"मला सात देशांचे निरोप आलेत, येर्नेया. हरकत घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही, साहेब. कुणी फोनच उचलला नाही."

नोकरी गेली तर भाड्याचं काय, लेकीचं पाळणाघर कुठलं, इतकं सगळं तिच्या डोक्यात तेवढ्यात फिरून आलं.

"टीप परत येतेय का?" साहेबांनी विचारलं.

"सोमवारी बैठक लावलीये. टीपही आहे, कोंबड्याही आहेत."

"मग माझ्याकडून तुम्हाला सूचना लिहा. कालच्या तारखेची. संध्याकाळी सही करून पाठवतो." फोन ठेवता ठेवता ते पुन्हा म्हणाले, "आणि जरा कडक शब्दांत लिहा. मी लिहितो तशी."

येर्नेयाने नवं पान उघडलं आणि स्वतःला दरडावायला बसली.