साईचा कुत्रा पुसणारा खोडरबर

मित्रांनो, मी सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुना खोडरबर आहे, आणि पवित्र शास्त्र किती खरं, याचा निकाल पुण्यात एकदा माझ्यावर येऊन ठेपला होता.

माझा जन्म केरळातल्या एका झाडाच्या चिकातून झाला. त्याच झाडाला टेकून येशूचा शिष्य थोमा दुपारची डुलकी काढायचा. तेव्हा हिंदुस्थानात रबराचं झाडच नव्हतं, असं म्हणणारे शहाणे तुम्हाला भेटतील. भेटू द्या. पुढे कारखान्यात मला चौकोनी अंग मिळालं आणि मी विजयमालाबाईंच्या डब्यात येऊन पडलो.

बाई वडगाव शेरीच्या एका चर्चमध्ये शब्बाथशाळा घ्यायच्या, म्हणजे रविवारी मुलांना शास्त्रातल्या गोष्टी शिकवायच्या. शेजारी खराडीत तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या. बाईंचा मुलगा रोहन त्यांतल्याच एकीत प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या नोकरीला लागला, आणि चर्चला यायचा बंद झाला.

"आई, छापखाना नव्हता तेव्हा शेकडो वर्षं हाताने उतरवलेलं पुस्तक ते. मूळचं काय उरलं असेल त्यात?"

"रविवारी वर्गात ये. दाखवते."

"पटलं तर येत जाईन. नाही पटलं तर पुन्हा आग्रह नको."

त्या रविवारी गोष्ट होती हरवलेल्या मेंढराची. हाताने उतरवूनही गोष्ट तशीच राहते, हे बाईंना दाखवायचं होतं. वर्गातल्या पूर्वाने ती पुस्तकातून उतरवली. पुस्तक मिटलं. बाकीच्यांनी पूर्वाच्या कागदावरून उतरवली. मुलांना पाणी प्यायला पाठवून बाईंनी कागद पाहिले, तर मैत्रीने एकाऐवजी दोन मेंढरं हरवलेली, साईने मेंढपाळाला पदरचा एक कुत्रा दिलेला, आणि कुणाची तर अख्खी ओळच गायब!

बाहेर रोहनची मोटारसायकल थांबली. बाईंनी घाईघाईने मला उचललं.

मी केवढ्यांदा ओरडलो, "अहो बाई, नको!" पण खोडरबराचं ऐकतो कोण? मी पुसत गेलो, पेन्सिल दुरुस्त करत गेली. साईचा कुत्रा काही केल्या निघेना. पोराने हौसेने दाबून लिहिला होता हो; शेवटी एकदाचा निघाला.

रोहनने सगळे कागद वाचले. "एकही चूक नाही?"

"आहे का बघ!"

त्याचा चेहरा उतरला. "आई, उतरवताना माणूस चुकतोच. पण सगळे एकाच जागी चुकत नाहीत. एकाची चूक दुसऱ्याच्या कागदावरून कळते. जुन्या प्रती अशाच जुळवून मूळ मजकूर शोधतात, असं वाचलं. म्हटलं, आज आपणही करून बघू. इथे तर सगळ्यांवरून एकच हात फिरलाय."

मित्रांनो, तो कुत्रा साक्षीला उभा होता, आणि मी त्याचा चुरा करून खाली पाडला. आजही कुणी मला हातात घेतलं की अंग चोरावंसं वाटतं. मुलांची चूक पुसण्याआधी ती नीट वाचून तरी बघा.

"आई, तू खोडलंस?"

"मी? कशाने खोडणार? खोडरबर कधीचा हरवलाय," बाई म्हणाल्या आणि मूठ आवळली. आत मी श्वास रोखून हरवलेला राहिलो.

दारातून पाण्याचा पेला घेऊन आलेली मैत्री म्हणाली, "बाई, खोटं! तुमच्या मुठीत आहे तो."