मुक्ताबाईचं कानडी भजन

"पा... णी." स्वरूपाने टेबलावर बोटांनी दोन ठोके दिले. "एका ठोक्याला एकच अक्षर. घाई नाही, काकू. डाव्या हाताने तुम्हीही द्या."

मुक्ताबाईने डावा हात उचलला. उजवा अर्धांगवायूच्या झटक्यात गेला होता, तो मांडीवर नुसता पडून होता. ओठ जुळले, मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि बाहेर आली ती कोरडी हवा. शेजारी बसलेल्या सावळारामचेच ओठ 'पाणी, पाणी' करत हलत होते. नवरा म्हणून एवढं पाणी त्याने उभ्या जन्मात मागितलं नसेल. मागायच्या आधीच तांब्या पुढ्यात यायचा.

लासुर्ण्याहून बारामतीच्या या वाचोपचाराच्या लहानशा खोलीत त्यांच्या खेपा चालू होऊन महिना होत आला होता. शब्द डोक्यात आहेत, समजतंही सगळं, पण ते घडवायचे कसे हे तोंड विसरलंय आणि ठोक्याच्या आधाराने त्याला वाट सापडते, असं स्वरूपाने पहिल्याच दिवशी समजावलं होतं. सावळारामने तेव्हा मान डोलावली होती. बाई शिकलेली असली की तो आधी मान डोलवायचा, पटायचं ते मागून.

"काकू घरात मराठीच बोलायच्या ना? की आणखी एखादी भाषा?"

"तशी ती कानडी मुलखातली, इंडीकडची," सावळाराम म्हणाला. "पर लगीन झाल्यावर आमच्या आईनं ते यंडुगुंडू बंद केलं. आता समदं मराठीच. भाकरी थापताना एक देवाचं गाणं म्हनायची, तेवढंच काय ते कानडी."

"अहो, मग हे मला आधी नाही का सांगायचं?"

त्यात सांगण्याजोगं काही आहे हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

स्वरूपाने मुक्ताबाईचा डावा तळवा टेबलावर उपडा ठेवला. "थापा भाकरी, काकू."

तळवा पडला. थप, थप, थपथप. पुन्हा थप, थप, थपथप. आणि ज्या तोंडातून महिनाभर 'पाणी' निघालं नव्हतं, त्यातून अडखळत, तुटत, पण सुरात शब्द आले. "नन्न मात... यार केळतार..."

सावळाराम ताडकन उभाच राहिला. सून माधवीने रडत रडतच मोबाइल काढला आणि सगळं टिपून घेतलं.

"लयीत मुरलेलं आधी सुटतं," स्वरूपाही हरखली होती. "हेच रोज म्हणवून घ्या. याच लयीवरून आपण मराठीकडे येऊ. याचा अर्थ काय?"

"यल्लम्माचं बियल्लम्माचं असंल," सावळाराम म्हणाला.

"असेल नको. विचारून या."

विचारायचं ते मागे राहिलं, कारण आधी मिरवायचं होतं. दोन दिवसांत तो आवाज आळीतल्या प्रत्येक मोबाइलवर जाऊन बसला. एकादशीला मंदिरात बायकांचं भजन होतं. सावळारामने मुक्ताबाईला खुर्चीसकट उचलून नेलं आणि ध्वनिक्षेपक थेट तिच्या तोंडाशी धरला. ती आधी मान हलवून नको म्हणत होती. मग थांबली, सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि मांडीवर हात थापू लागली. बायकांनी टाळ धरले. गावाला अर्थ कळत नव्हता, पण म्हाताऱ्यांनी हात जोडले आणि सावळारामने स्वतःच्या हाताने साखरफुटाणे वाटले. मुक्ताबाई एकटक त्याच्याकडे बघत होती. त्याला वाटलं, खूश आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंडीहून मल्लाप्पा आला. मुक्ताबाईचा हा धाकटा भाऊ, पण लग्नकार्याखेरीज कधी या घराची पायरी चढलेला नव्हता. बहीण बोलू लागली म्हणताच मात्र निघून आला होता. चहा व्हायच्या आधीच सावळारामने त्याच्यापुढे मोबाइल धरला.

बहिणीचा आवाज ऐकून मल्लाप्पा आधी हसला. मग हसू मावळलं. "परत लावा," तो म्हणाला.

"कुठल्या देवीचं हाय हो पाव्हणं?"

"देवीचं न्हाय, दाजी. कुठलंच न्हाय. अक्कानं सोता जुळवलंय."

"म्हंजी?"

मल्लाप्पा मान खाली घालून एकेक ओळ सांगू लागला. "माजं बोलनं कोन ऐकतंय, म्हनती. भाकरी तुमाला, धूर मला, माजं बोलनं कोन ऐकतंय. उसाला तोड आली, घरात मानसं आली, भाकरी थापाय मला बशिवलं. माजी आई गेली, मला धाडलं न्हाय, माजं बोलनं कोन ऐकतंय." त्याने वर पाहिलं. "दाजी, तुमी तर निरोप दिलावता, अक्का तापानं फनफनलीया म्हनून. आमी मातीला खोळंबलो. मला वाटलं, तापाचं निमित्त हाय, हिलाच येऊ वाटलं न्हाय. त्या रागानं मी हिच्याशी धड बोललोसुदिक न्हाय."

सावळारामने मोबाइल बंद केला. तो ओट्यावर खाली बसला. तापाचा तो खोटा निरोप त्यानेच धाडला होता. ऊसतोडीच्या त्या दिवसांतही ती चुलीपुढे हेच म्हणत होती आणि हा पाटावर बसून गरम भाकरी मोडत होता. 'गळा ग्वाड हाय हिचा,' असं आपल्या आईला म्हणालाही होता. तिने लपवून काहीच ठेवलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ तोंडावर सांगत आली होती आणि काल तर त्यानेच ते गावभर ऐकवलं होतं.

आत खाटेवर मुक्ताबाई सगळं ऐकत होती. त्याने दारातून पाहिलं तेव्हा तिने नजर काढून घेतली नाही.

पुढच्या खेपेला एसटीत माधवी हलकेच म्हणाली, "मामा, त्यांना देवाचंच हाय म्हनून सांगा. नायतर आपन दुसरं गानं धरू. घरातलं घरात ऱ्हाईल."

"मग, कळला अर्थ?" स्वरूपाने विचारलं.

माधवी तोंड उघडणार तोच सावळाराम म्हणाला, "कळला. माझ्यावरचंच हाय ते."

स्वरूपाने एकदा मुक्ताबाईकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "मग दुसरं काही घ्यायचं का? वेळ लागेल, पण करता येईल."

"दुसऱ्यानं तोंड उघडलं न्हाय तिचं. ह्याच्यानंच उघडलं." त्याने खुर्ची पुढे ओढली. "हेच मराठीत आना. कसं करायचं ते मला दावा."

"ओळ सांगा. ठोके तुम्हीच द्या. आधी तुम्ही म्हणायचं, मग त्या म्हणतील."

सावळारामने टेबलावर तळहात ठेवला. उभ्या आयुष्यात भाकरी कधी थापली नव्हती. हात नीट पडेना. "मा... जी," थप, थप. "आ... ई." थप, थप. "गे... ली." पुढचं 'मला' कसंबसं निघालं. 'धाडलं'पाशी तो अडला आणि हात टेबलावरच थांबला.

मुक्ताबाईने आपला डावा हात उचलून त्याच्या हातावर ठेवला. त्याच्याच हाताने तिने राहिलेले ठोके दिले, सावकाश, एकेक करून. ओठ जुळले, मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"धा... ड... लं," ती म्हणाली. आणि मग स्पष्ट, "न्हाय."

तिने हात काढला नाही. ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.