मृदंगाचा गुणक

गोपीनाथबुवांचं मंदिरातलं कीर्तन म्हणजे आम्हा कल्याणकरांचा दर गुरुवारचा विसावा. बुवांनी अभंग उचलावा, मागे बाळकुमच्या पंढरीचा मृदंग बोलू लागावा आणि आमचे डोळे आपोआप मिटावेत! पंढरी मिठागरावर कामाला. पावसाळ्यात मिठागरं बंद, म्हणून तो तेवढे महिने यायचा. एरवी बुवा नुसत्या टाळांवर भागवायचे.

चौपन्न साली मंदिराचे नवे अध्यक्ष आनंदराव यांना घोर लागला, की कीर्तनाला माणसं का कमी होतात? त्यांचे जावई श्रीपाद मुंबईत सांख्यिकीच्या कचेरीत. प्रत्येक कीर्तनाला प्रसाद काय, द्रोण किती लागले, मृदंग होता का, रस्ता कसा होता, हे पुजारी टिपून ठेवायचा. ते आकडे घेऊन श्रीपादने कचेरीतलं हाताने फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र जेवणाच्या सुट्टीत फिरवलं, आणि भाद्रपदात उत्तर घेऊन आला.

"गर्दी ज्यावर अवलंबून, त्या प्रत्येक गोष्टीला एक गुणक मिळतो," तो समितीला म्हणाला. "धन आला तर माणसं वाढतात, ऋण आला तर घटतात. शिऱ्याचा धन. चांदण्याचा धन. मृदंगाचा…" तो अडखळला. "ऋण."

"मग मृदंग बंद!" आनंदराव म्हणाले. "गणितच सांगतंय."

पंढरी खांबाशी मृदंगाला कणीक लावत होता. त्याचा हात थांबला.

"बुवा, माज्या थापेनं मानसं पलतान?"

बुवांनी उपरणं सावरलं. "श्रीपादराव, रस्त्यातला चिखल मोजलात का हो?"

"मोजला ना. त्याचा गुणक… धन आलाय."

"चिखल जास्त, तितकी माणसं जास्त? मग आनंदराव, मृदंग काढाच, आणि दारात दोन गाड्या चिखल ओता!"

सभामंडप हसून लोटपोट. श्रीपादचे कान लाल झाले, पण डोकं चाललं.

"बुवा, मृदंग आणि चिखल नेहमी जोडीनेच येतात. यंत्राला ते वेगळे करता येईनात, म्हणून एकाला उगाच वर चढवलं नि दुसऱ्याला खाली ढकललं."

"अहो, चिखल माणसं आणत नाही नि मृदंग हाकलत नाही, एवढं आपल्याला आधीच ठाऊक आहे. ते त्याला सांगता येत नाही?"

"येतं की! चिखलाने शून्याच्या वर जायचं नाही, मृदंगाने खाली यायचं नाही. या अटीत आकड्यांना सगळ्यांत जवळचं उत्तर शोधायचं."

पुढच्या गुरुवारी उत्तर आलं. चिखल ऋण. मृदंग शून्य.

"शून्य! म्हणजे असून नसून सारखाच," आनंदराव म्हणाले. पंढरीने मृदंगाला खोळ घालायला घेतली.

"तसं नव्हे, मामा," श्रीपाद घाईने म्हणाला. "तो आपल्या अटीच्या भिंतीला टेकून बसलाय. त्याचं खरं माप या आकड्यांत नाहीच. कोरड्या रस्त्याच्या दिवसांत तो वाजलाय कुठे?"

"मग वाजवू या," बुवा म्हणाले. "तोवर पंढरीची जागा पंढरीची."

माघी पौर्णिमेला खास कीर्तन ठरलं, आणि मिठागराच्या मुकादमाने पंढरीला एक संध्याकाळ सोडलं. थंड हवेत मृदंगाचा घुमारा थेट बाजारात पोचला. भुसारवाले दुकानांना फळ्या लावून आले, मागून बायका आल्या. गजराला तर पांडुरंगच उभा राहिला म्हणा ना! द्रोण संपले, आणि खुद्द आनंदरावांना शिरा ओंजळीत घ्यावा लागला.

"एका दिवसाने काही सिद्ध होत नाही हं," श्रीपाद पुटपुटला.

बुवांनी त्याच्या कपाळी बुक्का लावला. "मग दर पौर्णिमेला सिद्ध करू."

आनंदरावांनी बोटं चाटली आणि पंढरीकडे वळले. "काय रे, तुझा तो मुकादम राहतो कुठे? उद्या मीच जातो त्याच्याकडे."